लिंबाची फोड घातलेलं पाणी

८ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घरी एकटी बसून मी करते तरी काय? गुरुवारी दुपारी डबा खाताना आमच्या विभागप्रमुख बाईंनी हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगते, अजूनही येत नाही. नुसतीच बसते, असं म्हणाले, तर टेबलभर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं की नुसतं बसायला तर आम्हीही येतो, फक्त समोर ग्लास असतो.

दर गुरुवारी काम सुटलं की आमचा सगळा पाणी तपासणी विभाग कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर जातो. दोन टेबलं जोडतात, ग्लास येतात आणि मग जो तो दुसऱ्याला आग्रह करत राहतो. मी तीनदा गेले, सरबत घेतलं, अर्ध्या तासाने उठले. मग जाणंच बंद केलं. त्याचा हा जाब होता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला आत बोलावलं. ओरडल्या नाहीत, उलट खुर्ची पुढे सरकवली. माझं काम चोख आहे, पाण्याच्या नमुन्यात माझी नजर चुकत नाही, असं म्हणाल्या. मग एक फॉर्म दाखवला. मला कायम करायचं की नाही ते ३१ मार्चला त्या फॉर्मवरून ठरणार. त्यात एक रकाना आहे, ‘सहकाऱ्यांशी मिसळणे’. तो कोरा होता. आपण सगळे एक कुटुंब आहोत, बाहेर उभं राहणाऱ्याला घरात कसं घ्यायचं, एवढंच त्या म्हणाल्या. दादा, सहा महिने मी बाटल्या धुतल्या, नमुने आणले, रात्रपाळ्या केल्या आणि अडले कुठे, तर एका रकान्यात.

तुला तरी सांगते मी काय करते. एका शाळेने मोडीत काढलेल्या सामानात मला जुना सूक्ष्मदर्शक मिळाला. भिंगावर बुरशी होती, ती आमच्या तराजूकाकांनी साफ करून दिली. संध्याकाळी खिडकीशी बसते, फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवते आणि बघते. त्यात चपलेच्या आकाराचा एक जीव आहे. थेंबाच्या काठावर आपटतो, मागे येतो, वळतो, पुन्हा निघतो. मी त्याचं चित्र काढते. दोन तास कसे जातात कळत नाही. आईला सांगू नकोस. जंतू बघायला का हिला शिकवलं, म्हणेल.

तराजूकाका म्हणजे आमच्या वजनाच्या खोलीतले काका. केस पांढरे, बोलणं थोडं. चार वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली, तीही स्वतःच्या हिमतीवर. गुरुवारी येतात, सोडा घेतात, टोमणे खातात आणि घरी जातात. हे त्यांना कसं जमतं, तेही मला माहीत नाही.

काय करू ते कळव. वहिनीला नमस्कार, पिल्लांना पापा. रागावलास तरी चालेल, पण पत्र लांब लिही.

तुझी,
मनी


१४ फेब्रुवारी

चि. मनी हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझी वहिनी म्हणते की त्या चपलेच्या जोडीची दुसरी चप्पलही शोध, म्हणजे थेंबात संसार होईल.

आता मुद्द्याचं. पदवी तुझ्याकडे आहे, ती आपल्या घरात कुणाकडेच नव्हती. पण माणसांच्या शाळेत मी तुझ्या दहा इयत्ता पुढे आहे, तेव्हा ऐक. जगात वेगळी बसणारी व्यक्ती लोकांना आरशासारखी टोचते. तू काही बोलत नाहीस, तरी त्यांना वाटतं की ही आपल्याला नावं ठेवतेय. तुझी बाजू खरी आहे, पण खरेपणावर नोकरी कायम होत नाही.

मी डेपोत फिटर म्हणून लागलो तेव्हा आमच्याकडेही हेच होतं. पाळी सुटली की टपरीमागे बैठक. मी एक युक्ती केली. वाढणाऱ्याला आधीच बाजूला घेऊन सांगायचं की माझ्या ग्लासात साधं पाणी घाल आणि वर लिंबाची फोड टाक. लांबून कुणाला कळतंय? ग्लास हातात दिसला की लोकांचं समाधान होतं, आत काय आहे ते कुणी बघत नाही. सुरुवातीला मी तेच करायचो. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

तेवढं कर. दीड तास बस, चार विनोदांना हस आणि घरी जाऊन तुझा थेंब बघ. त्यात कुणाचं काही बिघडत नाही. आईने तुझा पदवीचा फोटो फ्रिजच्या वर लावलाय. गॅसवाला आला तरी त्याला दाखवते. तिला ३१ तारखेला काय सांगायचं, ते तुझ्या हातात आहे.

मला तुझा हेवा वाटला, हेही लिहितो. मी पत्र्याच्या छोट्या बस बनवायचो, आठवतं? एकीची चाकं बसवायची राहिली आहेत, ती खाटेखाली पडून आहे. आता वेळच होत नाही.

जप. जेवण चुकवू नकोस.

तुझा,
दादा


१४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी युक्ती लागू पडली. इतकी छान लागू पडली की आता मला झोप लागत नाही.

चार गुरुवार मी गेले. वाढणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं. ग्लास आला, लिंबाची फोड तरंगत होती, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या की आता कशी आमची झालीस. दुसऱ्या गुरुवारी मी जरा उशिरा हसायला शिकले, तिसऱ्या गुरुवारी ग्लास टेकवताना डोळे बारीक करायला. दिवसभर मी बाटलीत काय आहे ते खरं लिहिते, दशांश चिन्हानंतर तीन घरांपर्यंत. संध्याकाळी ग्लासात काय आहे ते खोटं दाखवायचे. पण तू लिहिलंस ना, कुणाचं काही बिघडत नाही, ते मी धरून बसले होते.

परवा बिघडलं.

बाईंना वरून शाबासकीचं पत्र आलं होतं, म्हणून सगळे जोरात होते. काकांचा सोडा आला, तसा कुणीतरी तो उचलून पलीकडे ठेवला. आज सोडा चालणार नाही, असं त्याने सांगितलं. काका हसले, नको म्हणाले. तेव्हा बाईंनी माझ्याकडे बोट केलं. म्हणाल्या की काका, ही कालची पोर, पाच महिन्यांपूर्वी सरबत पीत होती, ती आज आपल्या बरोबरीने बसते आणि तुम्ही एवढे पांढऱ्या केसांचे होऊन घाबरता? हिच्याकडून शिका. सगळ्यांनी माझ्या ग्लासाकडे बघितलं. काकांनीही.

त्या क्षणी मला बोलता आलं असतं. पाणी आहे, एवढे दोनच शब्द होते. मला तो रकाना दिसला, फ्रिजच्या वरचा फोटो दिसला. मी ग्लास थोडा उंच केला आणि हसले.

काका कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय बघत नाहीत. माझ्या ग्लासाकडे त्यांनी खूप वेळ बघितलं आणि मग आपला रिकामा ग्लास पुढे केला.

काल, शुक्रवारी, त्यांचा हात थरथरत होता. गाळाचं वजन लिहिताना दशांश चिन्ह एक घर सरकलं. एका अख्ख्या वस्तीचं गढूळ पाणी पिण्यायोग्य म्हणून कागदावर चढलं. दुपारी फेरतपासणीत मला ते दिसलं, मी धावत जाऊन त्या वस्तीकडे पाणी सोडणारी झडप बंद करायला लावली. पाणी गेलं नाही. पण चूक नोंदली गेली.

आता चुकीचा अहवाल मीच लिहायचा आहे, कारण ती मला सापडली. २४ तारखेपर्यंत. बाईंनी समजावून सांगितलं की काकांचा हात कापत होता आणि तोंडाला वास होता, एवढं लिही, बाकी पाल्हाळ नको. काकांना मग घरी बसवतील. माझा फॉर्म त्याच दिवशी वर जाईल, तो रकाना आता भरला आहे, हेही त्यांनी सांगितलं. अहवालात एक जागा असते, ‘चुकीचं कारण’. कालपासून मी ती सारखी उघडते आणि मिटते.

आज काका कामावर आले नाहीत.

दादा, एक विचारते. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू लिहिलंयस, सुरुवातीला मी तेच करायचो. मग नंतर काय केलंस? आता तुझ्या ग्लासात काय असतं?

रागावू नकोस. पण याचं उत्तर दे, बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मनी


२० मार्च

चि. मनी हिस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखलं असशील. पत्र मी लिहितेय, कारण तुझ्या दादाने चार वेळा कागद घेतला आणि चारही वेळा ‘चि. मनी’ इतकं लिहून फाडला. तुझं पत्र त्याने जेवता जेवता वाचलं. घडी घातली, डब्यात ठेवलं, परत काढलं. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला की पोरीला फारच बारीक वाचायला शिकवलं आपण.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. पाणी नसतं. वर्षभर होतं. मग एकदा वाढणाऱ्याने चुकून खरी घातली, आणि परत करायची म्हणजे आधीचं सगळं उघडं पडणार, म्हणून हा ती प्यायला. असं तो सांगतो. पुढचं मग चुकून नव्हतं. तो पडत-झडत येत नाही गं, आवाज चढवत नाही, म्हणून मीही कधी तुझ्या कानावर घातलं नाही. पण सहाला सुटणारा माणूस नऊला घरी येतो, पोरं झोपलेली असतात. तुला युक्ती लिहून पाठवली तेव्हा मी शेजारीच होते आणि गप्प बसले. ते मला बोचतंय.

काल मात्र तो साडेसहाला आला. धाकटी म्हणाली की बाबा, आज डेपो बंद आहे का? चहा झाला, पेपर झाला, मग हातांचं काय करावं तेच त्याला कळेना. पंख्याचं बटण चारदा चालू-बंद केलं. मी म्हटलं, भिंतीला भोक पाडायच्या आधी काहीतरी शोध. शेवटी खाटेखालून ती पत्र्याची बस काढली. बोट कापून घेतलं, दोन शिव्या घातल्या, पण जेवणापर्यंत तिथेच बसला होता. एक चाक लागलं.

एकाच संध्याकाळचं सांगतेय. उद्याचं मला माहीत नाही, तूही लगेच देवाला हात जोडू नकोस.

त्याचा निरोप असा. अहवालात काय लिहायचं ते तू ठरव, पण त्याने शिकवलेल्या ग्लासाआड लपून लिहू नकोस. आणि आईंचा निरोप असा की फोटो खिळा ठोकून लावलाय, तो काही ३१ तारखेला उतरत नाही. त्यांना मी सगळं वाचून दाखवलं, रागावलीस तर माझ्यावर रागाव.

लोभ आहे, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
वहिनी


२४ मार्च

ती. दादास आणि वहिनीस,
सा. न. वि. वि.

वहिनी, तुझ्यावर कसली रागावतेय. तुझं पत्र घेऊनच मी रविवारी काकांच्या घरी गेले.

एक खोली, खिडकीत दोन कुंड्या, टेबलावर जुना छोटा तराजू. त्यांनी मला बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मी आधी ग्लासाचं सांगितलं. पाणी होतं म्हटलं, चारही गुरुवार पाणीच होतं. मला वाटलं, चिडतील. ते खिडकीकडे गेले आणि कुंडीतली माती बोटाने उकरू लागले. मग म्हणाले की त्यांना वाटलं होतं, ही पोरगीसुद्धा टिकली नाही, मग आपण कोण लागून गेलो. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

मी विचारलं की अहवालात खरं लिहिलं तर तुमचं पिणंही कागदावर येईल, चालेल का. त्यांनी हो म्हटलं, पण एक अट घातली. पहिला ग्लास घ्यायला लावला असं लिहिणार असशील, तर दुसरा मी स्वतः मागितला, हेही लिही. अर्धं वजन मी कधी लिहिलेलं नाही, म्हणाले. चुकीच्या त्या शुक्रवारनंतर मात्र घेतलेली नाही, हेही सांगितलं. काल, सोमवारी, कामावर आले, दाढी केलेली. वजनाच्या खोलीत दुसऱ्याला शेजारी उभं करून प्रत्येक आकडा दोनदा वाचून घेत होते.

‘चुकीचं कारण’ या जागी मी जे लिहिलं, ते तुमच्यासाठी इथे उतरवते. ‘वजन लिहिताना दशांश चिन्ह चुकलं. आदल्या संध्याकाळी संबंधितांना सर्वांसमोर माझं उदाहरण देऊन पहिला ग्लास घ्यायला लावला. माझ्या ग्लासात पाणी होतं, ते मी नोकरीच्या भीतीने लपवलं. दुसरा ग्लास त्यांनी स्वतः मागितला. गुरुवारची बैठक आणि कायम होण्याच्या फॉर्मवरील “सहकाऱ्यांशी मिसळणे” हा रकाना, यांचा संबंध तोडावा.’ खाली सही, पूर्ण नाव.

आज सकाळी तो कागद बाईंनाही वाचायला दिला. त्यांच्यापासून काही लपवायचं नव्हतं. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला, मग बसून परत वाचला. चेहरा उतरला होता. मला वाटतं, त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण कुटुंब चालवतोय. त्या म्हणाल्या की मनासारखं घडलं नाही की लहान मुलं पाट उलटतात, तसं झालं हे. मग आवाज खाली करून म्हणाल्या की अजून सात दिवस आहेत, कागद परत घे, दोन ओळी कमी कर, मी वाचलाच नाही असं समजेन.

दादा, शूरवीर वगैरे काही वाटलं नाही. ३१ तारखेला काय होईल ते मला माहीत नाही. मुदत वाढवतील, घरी पाठवतील, काहीही. परवाच्या गुरुवारी मी हॉटेलात वर जाणार नाही, एवढं नक्की. खिडकीशी बसेन. तूही बसच्या दुसऱ्या चाकाशी बस. आपण दोघं बोलणार नाही, पण बरोबर असू.

आणि मला आता त्या प्रश्नाचं उत्तर येतं का, तर नाही. घरी बसून मी काय करते ते अजून सांगता येत नाही. पण विचारणाऱ्याला हसवायला पाहिजे, असं आता वाटत नाही.

बाईंना मी नम्रपणे सांगितलं की दोन ओळी कमी करता येणार नाहीत. त्यांच्या हातात होती ती प्रत होती. मूळ कागद मी दहा वाजताच, त्यांच्याकडे जायच्या आधी, आवक टपालाच्या खिडकीवर दिला होता. त्यावर शिक्का बसला आहे, क्रमांक पडला आहे.

होता तेवढाच लोभ ठेवा, निकाल काहीही लागो.

तुमची,
मनी