बारा झाडांची साल

९ एप्रिल

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. मागच्या चार पत्रांपैकी एकाचंही उत्तर तू दिलं नाहीस. हेही न फोडता ठेवशील असं धरून चाललोय.

बाबांची नजर आता पुरती गेली. जीभ मात्र शाबूत आहे, चहात साखर कमी पडली की घरभर कळतं. घरचा नियमही त्यांनी सोडलेला नाही: बाहेर जाणारं पत्र आधी मोठ्याने वाचायचं, मग पाकीट बंद. तुला लिहिलेली चारही पत्रं त्यांनी ऐकली. म्हणून तर त्यांत हवापाण्याशिवाय काही नव्हतं.

बागेत या वर्षी पाइनना इतके शंकू लागलेत की फांद्या वाकल्यात. बियाणं नेणारे साहेब बघून खूश झाले. मी नाही झालो. तीन वर्षं धड पाऊस नाही आणि बाबांचं म्हणणं तुला पाठ आहे, झाडाला मरण दिसलं की ते फळतं. शंकू वाळवून बी काढलं, शंभर बिया ब्लेडने चिरल्या. एक्याऐंशी फोल निघाल्या. बी धरलं होतं, पण आतला गर्भ त्या उन्हात टिकला नाही. पावसाआधी सगळी बाग तोडायची असं ठरलंय.

इतका वेळ मी गोल गोल फिरतोय हे तू ओळखलं असशील. ती बारा झाडं तुझ्यामुळे वाळली नाहीत.

शंकू जास्त यावेत म्हणून आपण खोडाची साल काढतो ना, अर्धी पट्टी एका बाजूला, दुसरी अर्धी वीतभर वर, उलट बाजूला. झाड दचकतं, पण मरत नाही. तहानलेल्या झाडाला सुरी लावायची नाही, ही बाबांची ताकीद. तू इथे होतीस त्या कोरड्या वर्षी साहेबांना दुप्पट बी हवं होतं आणि मला बाबांच्या खुर्चीची घाई झाली होती. तू जेवायला गेलीस की मी सुरी घेऊन निघायचो. घाईघाईत दोन्ही पट्ट्या एकाच उंचीवर आल्या, टोकं जुळली. वरून डांबर फासलं. तू घातलेलं पाणी मुळांना पोचत होतं, पण वरून अन्न उतरायची वाट मी बंद केली होती. पुढे ती झाडं शंकूंनी लगडली, सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मग एकेक वाळत गेलं.

बाबांनी विचारलं, "त्यांना पाणी कोण घालत होतं?"

मी म्हणालो, "चिमणी."

एवढंच. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून मला चार वर्षं झोप लागत राहिली. ते तुला बोलले तेव्हा मी दारात उभा होतो. सगळं ऐकलं आणि चपला घालून बागेत निघून गेलो. मला माझी लाज वाटते.

आता हे त्यांना वाचून दाखवायचंय. इथवर आलो की ओळी गाळून हवापाण्यावर उडी मारता येईल, त्यांना दिसत नाही. माझा मलाच भरवसा नाही. काय केलं ते खाली लिहितो.

तुझा दादा

ता. क. वाचलं. एकही ओळ गाळली नाही.

बाबा बराच वेळ टेबलाची कड चाचपत होते. मग म्हणाले, "मी तिला काय बोललो होतो?"

मी सांगितलं. "तुझ्या भरवशावर झाड तर सोडच, कुंडीसुद्धा ठेवू नये."

"परत सांग."

तीनदा सांगायला लावलं. मी विचारलं, ये म्हणून लिहू का? "कोणत्या तोंडाने?" एवढंच म्हणाले. माझ्याशी त्यानंतर बोललेले नाहीत. आजचा चहा बिनसाखरेचा झाला होता, तोही मुकाट्याने प्यायले.

तेव्हा ये म्हणत नाही. पण ती बारा खोडं पावसापर्यंत उभी आहेत. डांबर खरवडलं की सुरीची खूण बोटाला लागते, पूर्ण गोल. बघायची असेल तर तोवर बघून घे.

सुरी ज्याच्या हातात होती तो,
तुझा दादा