बोटीवर सगळेच मोठ्याने बोलतात

गव्हाणपाडा, मुलुंड (पूर्व)
रविवार, १२ जानेवारी १९८६

प्रिय चंदू,

मुलुंडहून घाटकोपरला पत्र पाठवणारी बहीण अख्ख्या मुंबईत मी एकटीच असेन. पाकीट बघून तुझ्या बायकोने कपाळाला हात लावला असेल. सॅंतोस, कोबे असल्या बंदरांतून मी पत्रं धाडायचे तेव्हा तू लिहायचास, ताई, एकदा घरी ये, मग समोरासमोर बसून पोटभर बोलू. आता आलेय, तर तुझ्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे ते माझ्याच घरात मला तोंडाने बोलता येत नाही. का, ते पुढे कळेल. हे आज बोटीवरच्या खंडूकडे मानखुर्दला गेलेत, जया शेजारी विमलाकडे गेलीय, म्हणून बसले लिहायला. पेशंटची जीभ बघता बघता वाचू नकोस. नीट बसून वाच.

तुझे भाऊजी पुन्हा बोटीवर जायचं म्हणतायत, हे तुझ्या कानावर आलंच असेल. दिवाळीच्या आधी घर उघडलं, आणि संक्रांत यायच्या आत यांनी बॅग माळ्यावरून खाली काढली. मला वाटलं होतं, झालं आता, जग बघून झालं, चारचौघींसारखी मीही भाजीवाल्याशी हुज्जत घालत म्हातारी होईन. चार वर्षं बंद असलेलं घर किती मायेने साफ केलं म्हणून सांगू! न्हाणीघरात कबुतरांनी संसार थाटला होता. त्यांना हुसकायला जया तयार होईना. म्हणे, आपण नव्हतो तेव्हा घर त्यांनीच सांभाळलं. भिंतीवरचं कॅलेंडर आम्ही निघालो त्याच महिन्यावर थांबलेलं. मी ते काढलं, भिंत पुसली आणि खरं सांगते, तिथेच बसून थोडी रडले. आनंदाने रे.

बोटीवर मी सुखात नव्हते असं मुळीच नाही. चीफ इंजिनिअरची बायको म्हणजे काय थाट! स्वैपाक करायचा नाही, भांडी घासायची नाहीत. पण बोटीवर शांतता नावाची गोष्ट नसते, चंदू. खाली इंजिन चालू असतं ते भिंतीतून, पलंगातून, चहाच्या कपातून तुमच्यापर्यंत येतं. सगळेच मोठ्याने बोलतात, आणि खाली इंजिनरूममध्ये तर बोलतच नाहीत, हातवारे करतात. आमच्या तिघांची एक भाषाच झाली होती. बोलायचं तर आधी खांद्याला हात लावायचा, समोर यायचं, मग बोलायचं. जेवायला बोलवायचं तर टेबलावर थाप मारायची. जया तर बापाशी जहाजाच्या या टोकाहून त्या टोकाला हातांनी गप्पा मारायची. मी कौतुकाने बघत बसायचे. रात्री यांचं डोकं मांडीवर घेतलं की हे म्हणायचे, कानात अजून इंजिन चालू आहे. मीही हसायचे. किती मूर्ख होते बघ.

इथे मुलुंडात इंजिन नाही. दुपारी तर इतकं शांत असतं की खालच्या मजल्यावर कुणी खलबत्त्यात वेलची कुटली तरी कळतं. पहिल्या आठवड्यात विमला मला कौतुकाने म्हणाली, "तुमच्या घरात किती रीत आहे गं, सगळे कसे समोर येऊन बोलतात, आमच्यासारखी आतून बोंबाबोंब नाही." महिन्याभरात तिचं कौतुक संपलं. तिसऱ्या मजल्यावरून तिने यांना दोनदा हाक मारली, हे मान वर न करता गेटबाहेर गेले. मग बाईसाहेब माझ्याकडे आल्या तणतणत. "तुझा नवरा लय भाव खातो यार! फॉरेनला जाऊन आला म्हणून काय झालं?" मी म्हटलं, त्यांचं लक्ष नसेल. घरी दाराची बेल वाजते, हे बेलच्या खाली बसून पेपर वाचत असतात. कुकर शिट्ट्या मारून मारून करपतो. टीव्हीवर बातम्या सांगणारी ती नवी मुलगी यांना फार आवडते, सिनेमा मात्र नको असतो. मी चेष्टेने म्हणायचे, या वयात बातम्यांची गोडी कशी लागली! आता कळतं, ती मुलगी समोर बघून बोलते, ओठ स्पष्ट हलवते. सिनेमातले लोक पाठ फिरवतात.

पण डोळे उघडले ते त्या घड्याळाने. हॅम्बर्गला घेतलेलं, कोकिळेचं. बोटीच्या हेलकाव्यात लंबक चालत नाही म्हणून ते चार वर्षं ट्रंकेतच होतं, इथे आल्यावर पहिल्यांदा भिंतीवर लागलं. तासाला दार उघडून कोकिळा बाहेर येते आणि ओरडते. विमलाची मुलं ते बघायला रांग लावायची. एका सकाळी यांनी घड्याळ उतरवून टेबलावर ठेवलं, पेचकस काढला आणि म्हणाले, "जर्मन माल म्हणे! पक्षी बाहेर येतो, पण आवाजच काढत नाही. भाता फाटलेला दिसतो." मी काही बोलायच्या आत त्यांनी बोटाने काटा फिरवला. कोकिळा त्यांच्या हातात आली आणि ओरडली. चांगली खणखणीत ओरडली. यांनी तिला उलटी केली, भात्यावर तेलाचा थेंब सोडला, पुन्हा काटा फिरवला. ती पुन्हा ओरडली. हे वैतागून मान हलवत होते. मी आणि जया दारात उभ्या होतो. मी जयाकडे बघितलं, तर पोरीचे डोळे भरलेले. तिला माझ्याआधीच माहीत होतं, चंदू. म्हणाली, "आई, बाबांना माझा आवाज बोटीवरपण नव्हता येत. मला वाटलं, बोटीवर असंच असतं."

तू म्हणशील, ताई काहीतरीच बोलतेय, भाऊबीजेला आम्ही दोघं तासभर बोटीच्या गोष्टी करत खिदळत होतो. होतात ना. तुझा आवाज आपल्या आप्पांसारखा, खर्जातला. तो यांना येतो. बसची घरघर येते, दार आपटलेलं कळतं. बारीक आवाज गेलेत. माझा, जयाचा, शिट्टीचा, बेलचा. डॉक्टर तू आहेस, मी तुला काय शिकवू? पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतोय, की माझा आवाज यांच्यापर्यंत शेवटचा कधी पोचला असेल? कुठल्या समुद्रात असू आम्ही तेव्हा? मी काय बोलले असेन? जेवायला चला, असलंच काहीतरी असणार.

मी एकदा विषय काढला. समोर बसून, हळूच म्हटलं, कानाच्या डॉक्टरला दाखवू या का? यांनी असं बघितलं की जणू मी यांना चोर म्हटलं. मग हसून म्हणाले, बोटीचा आवाज कानातून उतरायला वेळ लागतो, पुन्हा बोटीवर गेलो की ठीक होईल. त्यांना माहीत आहे, चंदू. माणसाला स्वतःचं माहीत नसतं असं होतं का? म्हणूनच हे पत्र. मी शेजारी जाऊन तुला फोन करायला लागले आणि हे दारात येऊन उभे राहिले, तर पलीकडून माझे ओठ वाचतील.

आता खंडूचं सांगते. तुला दोन बोटं तुटलेला खलाशी म्हणून तो माहीत आहे, इथे आल्यावर त्याचं ड्रेसिंग तूच केलंस. सॅंतोसला बोट नांगरावर होती. खंडू इंजिनच्या पोटात शिरून साफसफाई करत होता आणि बाहेर हे उभे होते, इंजिन हळूहळू फिरवायचं बटण यांच्या हाताशी. खंडूने आतून ओरडून सांगितलं, थांबा. यांनी बटण दाबलं. सगळं झाल्यावर हे पांढरेफटक पडून एवढंच म्हणाले, आवाजात ऐकू आलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. इंजिनरूममध्ये कुणाला काय ऐकू येतं? मीही मान डोलावली. यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

पण घड्याळाच्या त्या सकाळनंतर मला आठवलं. बोट नांगरावर होती. मोठं इंजिन बंद होतं. लांब कोपऱ्यातला एक जनरेटर सोडला तर खाली शांत होतं. तीन मजले वर, केबिनच्या दारात मी जयाची वेणी घालत होते, आणि मला खंडूची पहिली हाक ऐकू आली होती. किंकाळी नव्हे. त्याच्या आधीची, त्याच्या त्या बारीक, चिरक्या आवाजातली हाक. "थांबा सायबानू!" मला शब्द कळले होते, चंदू. आणि हे त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

गेल्या रविवारी खंडू घरी आला. त्याच्या बायकोने, शेवंतीने केलेले तिळाचे लाडू घेऊन आला होता. म्हटलं, कसा आहेस रे? तर हसत म्हणतो, "बरो आसय बाई. हात खंय गेलो? दोन बोटां तर गेली." आणि मग यांच्याकडे बघून म्हणाला, "सायब जातले तर मी सायबांवांगडाच जातलंय. दुसऱ्या सायबाखाली माका भय वाटता." ऐकलंस ना? साहेबांबरोबरच जाणार, दुसऱ्या साहेबाखाली त्याला भीती वाटते! यांनी त्याचे ओठ वाचले, उठून त्याला मिठी मारली, आणि शब्द दिला. आज त्याच्या घरी गेलेत ते हेच पक्कं करायला. त्या दिवशी मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, तशीच आत परत गेले.

मी यांच्या विरुद्ध नाही रे. मला यांचं सगळं कळतं. बोटीवर हे चीफसाहेब. तिथे कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून यांना न येणं उठून दिसत नाही. इथे जमिनीवर पाय ठेवला आणि हे एकदम बहिरे झाले. बसचा कंडक्टर खेकसतो, दुकानदार चिडतो, विमला भाव खातो म्हणते. मध्यंतरी बाजारात कुणीतरी मागून सायकलची घंटा वाजवत होता, हे बाजूला झाले नाहीत, तो पोरगा यांना शिवी देऊन गेला. शिवी यांना ऐकू आली नाही, पण माझा चेहरा बघून कळली. त्याच संध्याकाळी माळ्यावरून बॅग निघाली. अशा माणसाला मी घरात कोंडून ठेवू पाहतेय. दिवसभर या दोन खोल्यांत, जिचा आवाजच येत नाही अशा बायकोबरोबर. मी जे करतेय ते बरोबर की चूक, हे मला अजूनही ठरवता येत नाही, आणि रात्र रात्र झोप येत नाही. पण डोळे मिटले की खंडूचा तीन बोटांचा हात दिसतो.

तर आता मूळ मुद्द्यावर येते. येत्या गुरुवारी हे तुझ्याकडे तपासणीला येतायत. कंपनीच्या यादीत तुझं नाव आहे, आणि मेव्हणाच डॉक्टर, म्हणून हे निर्धास्त आहेत. चार वर्षांपूर्वी तू चहा पिता पिता सही केली होतीस, तेव्हा ठीक होतं. या वेळी तू काहीही विचार, हे तुझ्या ओठांकडे बघून बरोबर उत्तर देतील, वर दोन विनोद करतील, आणि तू हसत हसत कागदावर शिक्का मारशील. म्हणून तुझ्याकडे एवढंच मागते. यांना दाराकडे पाठ करून बसव. तू समोर बस. बोलू नकोस, नाडी बघतोयस असं दाखव. मी कंपाउंडरच्या खोलीतून हळूच आत येईन आणि यांच्या मागे उभी राहीन. जयाला मी यात आणणार नाही, हे माझं मलाच केलं पाहिजे. मी नेहमीच्या आवाजात म्हणेन, "अहो." एकदाच. तू यांचा चेहरा बघ. मान वळली, तर खुशाल सही कर. मी जिन्यात बसून रडून घेईन आणि घरी जाऊन यांची बॅग स्वतः भरीन. आणि नाही वळली, तर पेन खाली ठेव, चंदू. मग मी समोर येईन, यांच्या खांद्यावर हात ठेवीन, आणि मी काय केलं ते माझ्या ओठांवरून त्यांना वाचू देईन.

तुझीच,
सुलाताई