आवाज लिहून कळव

३ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बरेच दिवस खालच्या दुकानात पडून होतं. शिवलेले कपडे पोचवायला उतरते, तेव्हाच टपाल हाती लागतं. कान आता सुधारायचे नाहीत असं डॉक्टर म्हणाले, हे तू दोन ओळींत उरकलंस आणि पुढे पानभर शेजारच्या मांजराचं कौतुक! म्हणजे फोन कायमचा बंद. बरं झालं असं कसं म्हणू? पण तुझं अक्षर आता वरचेवर बघायला मिळेल, एवढंच.

इकडे टेकडीवर मी एकटी उरले आहे. हे गेल्यावर टीव्हीच्या मनोऱ्यावर दुसरा माणूस नेमलाच नाही. सगळं यंत्र बघतं म्हणे. बाकीची दोन बिऱ्हाडंही मागच्या महिन्यात सामान बांधून उतरली. शिलाई मशीन थांबवलं की घर असं गप्प होतं की मी उगाच भांडी आपटते.

तर मुद्द्याचं. ह्यांची जीप ओढ्यात बंद पडली ती पडलीच. ट्रॅक्टरवाल्याने ओढून आणल्यापासून शेडमध्ये चादरीखाली उभी आहे. मी तिचं इंजिन उतरवून, खोलून, पुन्हा बांधायचं ठरवलंय. हसू नकोस. शिलाई मशीन मी डोळे मिटून खोलते, आणि तू जन्मभर जहाजांच्या इंजिनांत हात घातलेस. तू लिही, मी करते.

वरच्या रस्त्याला दुसरी कुठली गाडी येत नाही. कापडाचे तागे डोक्यावर घेऊन पायवाट चढणं माझ्या गुडघ्यांना आता झेपत नाही. ओढा भरायच्या आत गाडी सुरू झाली तर मी इथे राहीन. नाही झाली तर घराला कुलूप.

उत्तर लवकर धाड. शिव्या घालायच्या असल्या तर वेगळ्या कागदावर घाल, म्हणजे कामाचं पान शेडमध्ये लावता येईल.

तुझी,
भिंगरी

१४ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

शिव्यांसाठी घरातला कागद पुरला नसता, म्हणून गिळल्या. स्टुलावर चढल्याशिवाय तुझा हात फळीला पोचत नाही, आणि निघालीस डिझेल इंजिन उतरवायला. उचललं पेन, लावलं कागदाला! गाडी भंगारात दे आणि इकडे ये. माझी दुसरी खोली रिकामीच आहे. मशीन दिवसभर चालव, मला आवाजाचा काडीइतका त्रास होणार नाही.

हे तू ऐकणार नाहीस, म्हणून आता पुढचं तरी ऐक. आधी बॅटरीची तार सोडव. मग पाणी आणि ऑइल काढून घे. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय असं समज. इंजिन उचलायला साखळीची कप्पी लागेल, ती ट्रॅक्टरवाल्याकडे असणार. शेडची तुळई आधी त्याला दाखव. इंजिन लटकत असताना त्याच्याखाली बोटसुद्धा जाता कामा नये. तिथे घाई केलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांची वर्णनं नकोत. आणि प्रत्येक नट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात परत गेला पाहिजे. खुणा कर.

माझं बरं आहे. दुकानात जाणं सोडलं. दुकानदार माझ्याशी ओरडून बोलतो आणि रांगेतली माणसं माना वळवून बघतात. आता तो सामान दाराशी ठेवून जातो. मी दार उघडतो तोवर जिन्यात कुणी नसतं.

खुणा करायला विसरू नकोस, आणि मलाही.

तुझा,
दादा

२२ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इंजिन बाहेर आलं! ट्रॅक्टरवाल्याने कप्पी लावून दिली, तुळईला टेकू दिला, आणि तुझं पान भिंतीवर बघून हे कुणाचं, असं विचारलं. माझ्या भावाचं म्हटल्यावर म्हणाला, माणूस कडक दिसतो. मी म्हटलं, लहानपणापासून.

जुनी चादर अंथरून तिच्यावर खडूने घरं आखली आहेत. कपड्यांचे भाग बेततो तशी. प्रत्येक नटाला रंगीत चिंधी बांधली आहे. हेड उतरवलं, पिस्टन एकेक करून बाहेर काढले. हात कोपरापर्यंत काळे झालेत. शाळेचे पांढरे सदरे शिवायला घेते तेव्हा आधी तासभर साबण घासत बसते.

आता खरं सांगते. तिसऱ्या पिस्टनचा रॉड वाकलाय. बाकीचे तीन सुतासारखे सरळ, आणि हा मधोमध बाक आलेला. तो हातात घेऊन मी पायरीवर बसून राहिले.

त्या दिवसाबद्दल मी तुला कधी नीट सांगितलं नाही, तूही विचारलं नाहीस. ह्यांच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. दवाखान्यात जायला निघालो तर ओढ्याला पाणी चढलेलं. मी म्हटलं, मी चालवते. हे म्हणाले, पाण्यात तुझं काम नाही. गाडी जोरात घातली आणि मधोमध एक दणका बसून ती बंद पडली. मी कमरेएवढ्या पाण्यातून माणसं आणायला गेले. परत आले तेव्हा ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. झोप लागल्यासारखे दिसत होते.

मला एवढंच सांग. हळू घेतली असती तर गाडी पलीकडे गेली असती का? मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. रॉड बघून जे कळतं तेवढंच लिही.

माया असू दे.

तुझी,
भिंगरी

२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

उत्तर लिहिलं आणि फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. हे तिसरं.

हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. तुझ्या गाडीत इंजिन जिथून हवा ओढतं ते तोंड बॉनेटखाली, दिव्यांच्या उंचीला आहे. पाणी तिथवर चढलं की इंजिन हवेच्या जागी पाणी पितं. पिस्टन वर येतो, पाणी हटत नाही, मग रॉड वाकतो. दणका बसला तो त्याचाच.

हळू घेतली असती तर पुढे लाट कमी उठली असती. कदाचित पलीकडे गेला असतात. किंवा चाकं रुतून तिथेच अडकला असतात. हे मला ठरवता येत नाही, आणि जो खात्रीने सांगेल त्याने ओढा पाहिलेला नसेल. रॉड एकच गोष्ट सांगतो. बंद पडत आलेल्या इंजिनाचा रॉड असा वाकत नाही. इंजिन पूर्ण जोरात होतं. म्हणजे मेहुण्यांनी पाय उचलला नव्हता. ते शेवटपर्यंत तुला पलीकडे न्यायच्या मागे होते. यापलीकडे त्या लोखंडात काही लिहिलेलं नाही.

आता काम. तो रॉड बदल. चारही रॉड ज्या दांड्याला जोडलेत तो क्रँक खालच्या लेथवाल्याकडे दे आणि तपासून घे. बेअरिंग, रिंगा आणि गॅस्केट सगळं नवं घाल. सुरू करताना नुसता धूर येऊन गप्प झालं, तर डिझेलच्या नळीतली हवा काढ. आणि हवेचं तोंड पाइप लावून थेट छपराच्या वर ने. आधीच करायला हवं होतं हे मलाही कळतं. पण 'हवं होतं'ला नटबोल्ट बसत नाहीत.

जहाजावर झोपेत इंजिनाचा ठेका जरा बदलला तरी मी उठून बसायचो. परवा मोरीतला नळ दिवसभर वाहत होता. संध्याकाळी पाय ओला झाला तेव्हा कळलं.

जेवत जा. इंजिन पळून जात नाही.

तुझा,
दादा

१९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं मागचं पत्र जपून ठेवलंय. ते भिंतीवर लावलं नाही, एवढंच सांगते.

इंजिन बांधून झालं आणि गाडीत बसलंही. हवेचा पाइप छपरावर गेलाय. ट्रॅक्टरवाला म्हणतो, गाडी हत्तीसारखी सोंड वर करून उभी आहे. क्लचला माझा पाय जेमतेम पोचायचा, म्हणून पेडलवर लाकडाचे ठोकळे बसवले. सीट पुढे सरकवली आणि पाठीला जाड गादी शिवली. आता ती फक्त माझ्याच मापाची झाली आहे. दुसरं कुणी बसलं तर गुडघे कानाला लागतील.

काल किल्ली फिरवली. धूर आला, खोकल्यासारखं झालं आणि गप्प. तुझं पान वाचून डिझेलच्या नळीतली हवा काढली, पुन्हा फिरवली. आणि सुरू झालं, दादा! शेडचे पत्रे थरथरायला लागले. मी हसत मागे वळले, आणि मागे कुणीच नव्हतं. ट्रॅक्टरवालाही काल आला नव्हता. मग मी ते बंद केलं.

आज परत चालवलं तर एक टकटक ऐकू येते. इंजिन बंद करायच्या आधी नीट ऐकून घेतली. शिलाई मशीनची सुई वाकली की ती पट्टीला घासून जसा आवाज येतो, तशी बारीक, कोरडी. इंजिन जोरात केलं की ठेकाही जलद होतो. तुला ऐकवता आली असती तर क्षणात सांगितलं असतंस. वरचं दुखणं आहे की खालचं?

एकदा ये ना इकडे. तुझ्याच शब्दांनी बांधलेलं इंजिन आहे, बघून तरी जा.

वाट बघते.

तुझी,
भिंगरी

२६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

घाबरू नकोस. पुढचं नीट कर आणि आवाज लिहून कळव. लांब लाकडी काठी घे. एक टोक इंजिनावर टेकव, दुसरं कानामागच्या हाडाला लाव. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब उभी राहा, पदर खोचून घे. वर झाकणाशी टकटक मोठी आणि खाली कमी, तर व्हॉल्व्ह दाबणारे टॅपेट ढिले आहेत. इंजिन बंद करून, गार झाल्यावर आवळून घे. खाली ठणठण आली, हातोडीने ओला ओंडका ठोकल्यासारखी, तर एक क्षणही चालवू नकोस. माझ्या अंदाजाने वरचंच आहे. सुईचा दाखला चांगला दिलास. मला तो आवाज आठवला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं.

येण्याचं म्हणशील तर नको. मागे एकदा बसने निघालो होतो. कंडक्टरने थांबा पुकारला तो मला कुठून ऐकू येणार? थेट शेवटच्या डेपोत पोचलो. तिथला माणूस काही विचारत राहिला आणि मी मान हलवत राहिलो. त्यानंतर बसचं नाव काढलं नाही. माझी खोली बरी आणि मी बरा.

तुझा,
दादा

७ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

टकटक वरचीच होती. टॅपेट आवळले, गेली. आता इंजिन एका लयीत चालतं, मनाजोगी टीप पडत जावी तसं.

काल ओढा ओलांडला. पाणी चाकाच्या निम्म्याला होतं. मधोमध जरा थांबायचं असं घरून ठरवून निघाले होते. थांबले नाही. पाय उचलला नाही. पलीकडे गेल्यावर गाडी बाजूला घेतली आणि पोटभर रडून घेतलं.

रविवारी तुझ्याकडे येते आहे. घंटा वाजवून उपयोग नाही, दार उघडं ठेव.

तुझी,
भिंगरी

१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

दार उघडं ठेवायला मी विसरलो होतो. खिडकीच्या काचेवर हात टेकून उभा होतो, तर काच बोटांखाली गुणगुणायला लागली. खाली बघितलं तर सोंडवाली गाडी आणि तू. तू मला खाली नेलंस, माझा तळहात बॉनेटवर दाबून धरलास आणि बोटाने ठेका मोजत राहिलीस. तळहाताला जे कळलं ते आता लिहितो. चारही सिलिंडर सारखे चालत होते. मी स्वतः याहून चांगलं बांधलं नसतं.

तू इथे राहा म्हणालो, तू नाही म्हणालीस. तू चल म्हणालीस, मी नाही म्हणालो. दोघंही एकाच हाडाचे. तू गेल्यावर दुसऱ्या खोलीतली उशी बराच वेळ तशीच दबलेली होती.

आता कामाचं. तुझी गाडी उभी होती तिथे रस्त्यावर तेलाचा डाग पडलाय. शेजारी पुसायला निघाला होता, मी त्याला अडवलं. खाली वाकून, बोट लावून पाहिलं. इंजिनाचं मागचं सील गळतंय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. एकाने खालून तोलायचा, दुसऱ्याने वरून जुळवायचा, आणि दोघांनी एकमेकांचे हात बघत काम करायचं. हे पत्राने होणारं काम नाही.

मी येत्या नाही, त्यानंतरच्या गुरुवारच्या बसने निघतो, तोवर हे पत्र तुला पोचेल. कंडक्टरला द्यायला चिठ्ठी लिहून खिशात ठेवली आहे, की मला ऐकू येत नाही, ओढ्याच्या फाट्यावर खांद्याला हात लावून उतरवा. परत कधी यायचं ते ठरवलेलं नाही. मांजर शेजाऱ्याचंच, तो बघेल.

फाट्यावर येऊन उभी राहा. हाक मारू नकोस. हात हलव.

तुझा,
दादा