शाळेमागचा खेळ

७ मार्च १९४८
आज बाजारात गोळ्या घातल्या. लॉरीतून खाकीतले बंदूकवाले रझाकार उतरले — बोलणं नाही, विचारणं नाही, सुरूच केलं. मी शाळेच्या दारात उभा होतो. नुसता उभा!

८ मार्च
दगडाबाईचा फकिरा गेला. एकुलता, तरणाताठा. इब्राहीम मणियार गेला. आणखी किती तरी. सगळ्यांना एकाच वाटेनं नेलं. ओढ्यापाशी वाट फुटली — एक मसणवट्याकडं, एक कबरस्तानाकडं.

१४ मार्च
बाजार भरला नाही. मैदानात एक चप्पल पडून आहे. उचलवत नाही.

१९ मार्च
शाळा उघडली. मधल्या सुट्टीत पोरं शाळेमागं खेळत होती. बघायला गेलो तर गोळीबार खेळत होती! एक जण फकिरा होऊन पडलेला. बंदूक म्हणून तुरीची काडी, ती नवाबच्या हातात. मुसलमान म्हणून त्याला दिलेली. अरे, हा इब्राहीमचा पोरगा! ह्याचा बाप तिथंच गेला ना?
काडी मोडून टाकली. पोरांना वर्गात नेऊन फळ्यावर पाढे लिहिले.

२३ मार्च
पुन्हा तोच खेळ. आणि बांधावर बसून दगडाबाई बघत होती! कधीची बसली होती कोण जाणे. मी धावलो, तिनं हातानंच थांबवलं. उठून पोरांत गेली. फकिरा कसा गेला, हे तिला गावात कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.
"माझा लेक एकटाच व्हता का रं?"
 नवाबनं काडी खाली टाकली.
"नाय. अब्बा व्हते. त्यांनी त्याला बैलगाडीखाली वढला, मांडीवर घेतला. मंग अब्बालाबी लागली."
ती मटकन खाली बसली. रडली नाही. नवाबला जवळ ओढून त्याच्या केसांतली माती झाडत राहिली. घंटा द्यायचं मला सुचलंच नाही.

१३ जून
अजून बाजार नाही. लोक मीठमिरचीला बिडकीनला जातात. दगडाबाई रोज इब्राहीमच्या घरी दिसते, त्याच्या बायकोपाशी, रईसापाशी. दोघी काय बोलतात, ठाऊक नाही.

२५ जुलै
रईसाची इद्दत, नवऱ्यामागं घरात राहायची मुदत, संपली. आज ती बांगड्या घेऊन बाजारात बसली — इब्राहीम पडला त्याच जागी. शेजारी दगडाबाई, मेथीच्या जुड्या मांडून. दुपारपर्यंत मैदानात दोघीच. मग एक बैलगाडी आली, बैल सोडून माल उतरवला. मग आणखी एक.