मांडवातलं ऑनलाइन गणित

३० मार्च २००६, गुढीपाडवा

संकल्प: यंदा पद पक्कं करून घ्यायचं. तीर्थपुरीच्या आमच्या कॉलेजात मी गणित शिकवतो, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला तर प्राध्यापक, नाही झाला तर नुसता त्रिंबक. मे महिन्यात विद्यापीठाची समिती येणार आहे. गणिताला पूर्णवेळ पद हवं असं तिनं लिहिलं की मी पर्मनंट. संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब म्हणाले, समितीला काहीतरी नवं दाखवा. मी म्हटलं, दाखवतो. काय दाखवायचं ते उद्या ठरवतो. आज श्रीखंड जास्त झालं.

बायकोचं, म्हणजे इंद्रायणीचं, म्हणणं, यंदा नाही झालं तर जूनपासून तिच्या भावाच्या खताच्या दुकानात बसायचं. मी लगेच हो म्हटलं. होणारच आहे, मग हो म्हणायला काय जातं.

३ एप्रिल, सोमवार

सापडलं! जालन्याला गेलो होतो. कडूबाचं नेट कॅफे आहे तिथे. कडूबा बारावीला माझ्या बाकावर होता, आता अख्ख्या जगाशी जोडलेला आहे. त्यानं एक परदेशी वेबसाइट दाखवली. युनिव्हर्सिटीच्या पोरांसाठी गणिताचे सराव प्रश्न, फुकट. दहा प्रश्न, चार पर्याय, क्लिक केलं की लगेच मार्क. ग्रुप थिअरी, मॅट्रिक्स, सगळा आपलाच सिलॅबस. आता ग्रामीण भागात ऑनलाइन गणित सराव केंद्र काढायचं. संचालक मी. पाटीचा मजकूर एसटीत बसूनच तयार केला.

सहज म्हणून एक क्विझ स्वतः दिली. दहापैकी चार. कडूबाचा माउस फार गुळगुळीत आहे.

६ एप्रिल

काकासाहेब खूश. फक्त एक विचारलं, आपल्याकडे इंटरनेट कुठंय? कॉलेजात कॉम्प्युटर एकच, त्यात पगारपत्रक. नेटचं कनेक्शन जूननंतर. अशा अडचणी बाकीच्यांना अडवतात, मला नाही.

उपाय जेवताना सुचला. ऑफिसात फोन आहे, कडूबाकडे फोन आहे. तो तिकडून प्रश्न वाचणार, मी फळ्यावर लिहिणार, विद्यार्थी उत्तर देणार, मी फोनवर सांगणार, तो क्लिक करणार. इंद्रायणीला समजावलं. ती म्हणाली, मग यात कॉम्प्युटर कशाला? तिला टेक्नॉलॉजी कळत नाही. दुसरी भाकरी मागितली तर तिनं टोपलं माझ्याकडे सरकवलं.

११ एप्रिल

चाचणी यशस्वी. थोडा वेळ लागला, कारण कडूबाला चिन्हं वाचता येत नाहीत. ‘आडवा झोपलेला आठ’ म्हणजे अनंत हे मी पटकन ओळखलं. ‘उलटा उभा ई’ मात्र त्याला चार वेळा विचारावा लागला.

तिसऱ्या वर्षाला गणित घेतलेले पाच जण. चार जण पोलीस भरतीच्या रनिंगला. हजर एकटी कौसल्या. तिला दहापैकी आठ मिळाले. मी सांगितलं, हुरळून जाऊ नको, पहिल्यांदा असं होतं. ती हो सर म्हणाली आणि राहिलेले दोन का चुकले ते मला विचारू लागली. मी म्हटलं, तास संपला. तास संपलाच होता, घड्याळ मागे होतं.

१२ एप्रिल

पाटी लागली. ‘संचालक’ हा शब्द पेंटरनं लहान काढला.

१९ एप्रिल

नवा संकल्प: रोज पहाटे पाचला उठून ग्रुप थिअरी. संचालकाला आठच्या वर मार्क हवेत. आज सव्वासातला उठलो, पण संकल्प पाचलाच केला होता.

आठवड्यातून दोनदा जालन्याला जाऊन क्विझ देतो. प्रश्न दर वेळी बदलतात, हा साइटचा मोठा दोष आहे. आज पाच मिळाले. ‘हिंट’चं बटण वापरलं, कारण दिलेल्या सुविधेचा मान ठेवावा. साइटवर सगळ्यांची नावं मार्कांप्रमाणे लागतात. त्या यादीत सर्वांत जास्त वेळा माझंच नाव आहे. खालच्या बाजूला आहे, पण सातत्य दिसतं.

२७ एप्रिल

कौसल्याचे वडील रखमाजी पत्रिका घेऊन आले. लग्न नऊ मेला, आमच्याच कॉलेजच्या ग्राउंडवर. उन्हाळ्यात काकासाहेब ग्राउंड लग्नाला देतात. समिती सोळाला येणार, म्हणून हरकत नाही. पण सोळाला कौसल्या सासरी असेल, मग क्विझ कोण देणार? रखमाजींना सुचवलं की शिक्षणाच्या हितासाठी तारीख दहा-बारा दिवस पुढे ढकला. ते शांतपणे म्हणाले, “तिथी पंचांगात असती सर. तुमच्या सिलॅबसात न्हाई.”

अडाणी मनुष्य. मुलगी हुशार निघाली हा अपवाद.

८ मे, सोमवार, दुपार

निरोप आला. समिती सोळाला नाही, उद्या येतेय. साडेदहाला.

घाबरलो नाही. मी शर्ट उलटा घातल्याचं इंद्रायणीनं सांगितलं, ते वेगळं. भारनियमन नऊ ते एक, म्हणजे समिती येईल तेव्हा लाइट नसणार. जनरेटर अख्ख्या गावात एकच, मांडववाल्या पुंजारामचा. पुंजारामला म्हटलं, तासभर ऑफिसला जोडून दे. तो म्हणाला, “जनरेटर लग्नाचा हाय. वायर मांडवाच्या भायेर जाणार न्हाई. तुमचं गणितच मांडवात आणा की.”

विचार केला. वायर येत नसेल तर केंद्र तिकडे नेऊ. मोबाइल केंद्र! ऑफिसची खिडकी मांडवाला लागूनच आहे, फोन खिडकीतून बाहेर घेता येतो. शिवाय सगळे विद्यार्थी कौसल्याचे वर्गमित्र, म्हणजे लग्नाला आलेलेच असणार. उपस्थिती शंभर टक्के. देव माझ्या बाजूनं आहे.

९ मे, संध्याकाळी सहा

इतिहास घडला. जमेल तसं लिहितो.

समितीत तिघे. अध्यक्ष चष्मेवाले, बोलणं कमी. त्यांना फाटकातच फेटे बांधले गेले, कारण वधूपक्षाला ते वराचे मामा वाटले. अध्यक्ष काही बोलेपर्यंत अत्तर लागलं, गुलाबपाणी उडालं, आणि तिघे पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलेसुद्धा. मी हे होऊ दिलं. स्वागत चांगलं झालं की निम्मं काम होतं.

नवरदेव पारावर अडकला होता, मुहूर्ताला अवकाश होता. मी स्टेजवर कॉम्प्युटर मांडला. नेट नसल्यामुळे त्यावर फक्त सूर्यफुलांचं चित्र होतं, पण लांबून भारदस्त दिसत होतं. भटजींनी त्याला गंध लावलं. मग माइक घेतला आणि भाषण केलं. ओघ चांगला होता. शेवटचं वाक्य तर टाळ्यांचं: “या केंद्रात प्राध्यापकाची गरजच नाही, शिकणारा आपला आपण शिकतो!” टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी काहीतरी लिहून घेतलं. उत्तम.

विद्यार्थ्यांना पुढे बोलावलं. चौघे वाढपी होते, बुंदीच्या परातीजवळून हलेनात. कौसल्या हळदीच्या हातांनी आत बसलेली, तिला बाहेर आणायला सगुणाबाईंनी, म्हणजे तिच्या आजीनं, सपशेल नकार दिला. तोवर कडूबानं फोनवर पहिला प्रश्न वाचला होता, आणि मी सवयीनं तो माइकवर सांगितला: ग्रुपमध्ये आयडेंटिटी एलिमेंट किती असतात, एक, दोन, अनंत, की सांगता येत नाही?

पहिल्या पंगतीतून एक आजोबा म्हणाले, कारभारी एकच असावा, दोन झाले की घर बुडतं. वऱ्हाडानं माना डोलवल्या. मी फोनवर ‘एक’ सांगितलं. बरोबर.

पुढचा प्रश्न: सबग्रुपची आयडेंटिटी आणि मूळ ग्रुपची आयडेंटिटी तीच असते का? सगुणाबाई आतूनच म्हणाल्या, भाऊ वेगळे निघाले म्हणून कुलदैवत बदलत न्हाई. बरोबर. मग सातच्या ग्रुपात तीनचा सबग्रुप बसतो का. आचारी झारा हातात घेऊन पुढे आला आणि म्हणाला, सातात तिनातिनाच्या पंगती बसत न्हाईत, एक जण उपाशी राहतो. हेही बरोबर! मी या प्रश्नाला जालन्यात ‘हो’ म्हटलं होतं, पण तेव्हा उन्हाचा त्रास होता.

यानंतर मांडव माझ्या हातात राहिला नाही. वरपक्ष आणि वधूपक्ष, दोन बाजूंनी हात वर. बहुमत मोजायला बँडवाले. मॅट्रिक्सच्या गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं का, यावर सगळे ‘हो’ म्हणाले. हार आधी कुणीही घातला तरी लग्न तेच, असं कारण दिलं. ते चुकलं. वरपक्षानं फेरमोजणी मागितली. दोन प्रश्न आणखी चुकले, कारण मध्येच नवरदेव आला आणि बँड वाजला.

एकूण दहापैकी सात. मांडवात शिट्ट्या. वराच्या वडिलांनी कडूबाशी फोनवर बोलून त्याला जेवायला यायचं आमंत्रण दिलं.

अध्यक्षांनी फोन मागितला आणि कडूबाला सांगितलं, आजच्या निकालापासून खाली इथली नावं वाचा. कडूबानं वाचली. ‘वऱ्हाड, तीर्थपुरी: सात.’ त्याच्या खाली ‘त्रिंबक सर: पाच.’ त्याच्या खाली ‘त्रिंबक सर: चार.’ आणखी खालीही त्यानं वाचलं. कडूबाला थांबायचं कुठं ते कधीच कळलं नाही, बारावीतही नाही.

समिती पोटभर जेवली. अध्यक्षांनी बुंदी दोनदा घेतली. आहेर म्हणून तिघांनाही टॉवेल-टोपी मिळाली. जाताना ते म्हणाले, असा प्रयोग मी कुठेच पाहिला नाही.

पद पक्कं.

१२ मे

सासऱ्यांना फोन करून सांगितलं की मेव्हण्यानं दुकानासाठी दुसरा माणूस बघावा. इंद्रायणी म्हणाली, आधी कागद येऊ दे. मी हसलो. पीएच.डी.चा विषय ठरवला: वऱ्हाड आणि ग्रुप थिअरी.

३० मे

अजून कागद नाही. मोठ्या निर्णयांना वेळ लागतो. पहाटे पाचचा संकल्प पुन्हा सुरू. उद्यापासून.

५ जून, सोमवार

काकासाहेबांनी बोलावलं. समितीचा अहवाल आला. केंद्राची खूप स्तुती आहे. पुढचं त्यांनी मला वाचायला दिलं नाही, स्वतःच सांगितलं. विभाग ऑनलाइन नीट चालतो, प्राध्यापकाशिवाय निकाल सात, प्राध्यापकासह पाच, सबब गणिताला पूर्णवेळ पदाची आवश्यकता नाही. तासिकाही बंद कराव्यात, खर्च वाचेल.

मी म्हटलं, असं कसं? काकासाहेब म्हणाले, “सर, माइकवर तुम्हीच तर सांगितलं ना, मास्तर लागतच न्हाई म्हणून. म्या बी ऐकलं, साऱ्या मांडवानं ऐकलं.”

फार वाईट वाटलं. पाटीपाशी उभा राहिलो थोडा वेळ. ‘संचालक’ खरंच लहान काढलाय.

घरी इंद्रायणीला सांगितलं. चिडेल वाटलं होतं. ती चिडली नाही, चहा ठेवला. ते जास्त अवघड गेलं.

६ जून

मेव्हण्यानं दुसरा माणूस खरंच बघितला.

१९ जून, सोमवार

काकासाहेबांचा निरोप आला. केंद्र चालू ठेवायचंय, नेट अजून आलेलं नाही, तर फोनवर बसायला एक माणूस पाहिजे. प्रश्न ऐकायचा, फळ्यावर लिहायचा, पोरं सांगतील ते उत्तर कडूबाला कळवायचं. गणित येणं आवश्यक नाही.

रुजू झालो. नवी बॅच, सहा जण. पहिला प्रश्न रिंगवर होता. पोरांनी आपसात चर्चा केली आणि एकमतानं ‘सी’ म्हणाली. मला स्पष्ट दिसत होतं की उत्तर ‘बी’ आहे.

मी कडूबाला ‘सी’ सांगितलं. बरोबर आलं.