पाण्यावर तिचं, जमिनीवर माझं

४ फेब्रुवारी

पोचलो! वाळवंट, घाट, तो नदीच्या पात्रातला दगडधोंड्यांचा रस्ता — सगळं पार करून गाडी परत बंदरात आणून उभी केली. थोरली इथे दुरुस्तीसाठी किनाऱ्यावर चढवलेली, तेवढ्या वेळात आम्ही हे खूळ उरकून घेतलं. थोरली म्हणजे बायकोची शिडाची बोट. माझ्याआधी हिच्या आयुष्यात आली, म्हणून थोरली. मी धाकटा!

आमचा नियम लग्नापासूनचा. पाण्यावर तिचं, जमिनीवर माझं. ज्याचा हुकूम त्याने चहा करायचा नाही, आणि दुसऱ्याने हुज्जत घालायची नाही. नदीच्या पात्रात गाडी रुतली तेव्हा मी म्हटलं, उतर, चालत पुढे हो. गुडघाभर गार पाण्यातून ही बाई स्टोव्ह उचलून चालत गेली, एक शब्द नाही! वर मी पलीकडे पोचेपर्यंत चहा तयार. काय म्हणावं हिला.

५ फेब्रुवारी

थोरलीला भेटून आली. तिच्या अंगावरून हात फिरवत काहीतरी बोलत होती. मी आपला लांब उभा. आता आमच्या समुद्रसफरीचा शेवटचा टप्पा राहिला, इथून घरापर्यंत नुसता समुद्र.

७ फेब्रुवारी

कप टेबलावर ठेवायला गेली आणि कडेच्या बाहेरच सोडला. फुटला. हसली. काल दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. आज सायकलवाला डावीकडून अंगावर आला तो हिला दिसलाच नाही, मी ओढली म्हणून वाचली. इतके दिवस मी वेंधळेपणा समजत होतो. ही आणि वेंधळी? बोटीवर कुठल्या दोरीचं टोक कुठे आहे ते झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

उद्याच डॉक्टर गाठायचा.

८ फेब्रुवारी

जमिनीवरचा हुकूम वापरला — डोळ्यांच्या डॉक्टरकडे चल. मुकाट्याने आली.

काचबिंदू. डॉक्टर बाई सरळ बोलल्या. 'कडेचं जे गेलंय ते परत येणार नाही. समोरचं शाबूत आहे. रोज न चुकता थेंब घाला, म्हणजे आहे ते टिकवता येईल.' आणि मग — 'गाडी चालवू नका.' बोटीचं मी विचारलं नाही. तिनेही नाही.

जिना उतरताना हिने माझा दंड धरला. आजवर कधी धरला नव्हता.

९ फेब्रुवारी

लेकीचा फोन. 'बाबा, बोट तिथेच राहू दे, विमानाने या. आई फक्त तुमचं ऐकेल.'

ऐकेल ना! तीच तर पंचाईत आहे. भांडली असती, आदळआपट केली असती, तर मलाही आवाज चढवता आला असता. ही सकाळी मान मागे टाकून थेंब घालून घेते आणि खिडकीशी बसून राहते. सामान बांधत नाही की सोडत नाही.

१० फेब्रुवारी

आज थोरलीकडे फिरकलो नाही. दोघंही.

११ फेब्रुवारी

वर्षभर हिने मला काय पिळून काढलंय! गाठी डोळे मिटून मारायच्या. सुकाणूवर पाय दुखेपर्यंत उभं राहायचं. 'शिडाकडे काय बघतोस? वारा मानेवर कळला पाहिजे!' या वयात शिकवणी! चिडायचो मी. तरी सुकाणू धरायचो ते तिच्याच भरवशावर, ती शेजारी उभी असायची म्हणून.

आणि ते वादळ. मी बादली धरून ओकत पडलेला, ही कमरेला दोर बांधून सुकाणूवर. लाट अंगावरून गेली, केस निथळताहेत, आणि वरून मला विचारते काय, तर 'अरे, बिस्किटं भिजली का रे?' माझं प्रेम आहेच तिच्यावर, पण त्या दिवसापासून मी तिला मानतो. अशा माणसाला 'पुरे आता' कुठल्या तोंडाने सांगू? आणि 'चल' म्हटलं, आणि डावीकडून काही आलं, तर?

१३ फेब्रुवारी

थोरली पाण्यात उतरली. लेकीचं ऐकायचं, असं ठरवून मी धक्क्यावर गेलो होतो. विमानाची चौकशीही करून ठेवलेली.

ही दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर बसून होती. बोटीत पाय ठेवला की हुकूम तिचा. एक पाऊल टाकायचा अवकाश! पण टाकलं नाही. मला म्हणाली, 'आपण अजून जमिनीवर आहोत. तू सांग.'

 म्हटलं, 'उद्या सकाळी निघू.'

ती उठली आणि दोर तपासायला लागली. वेडा झालोय का मी? लेकीला काय सांगू?

१४ फेब्रुवारी

पाण्यावर. दोर सोडले, धक्का मागे पडला आणि तिचा पहिला हुकूम सुटला — 'सुकाणू धर.'

'किती वेळ?'

'घरापर्यंत.'

मी सुकाणू हातात घेतलं. तर म्हणते, 'डावीकडचं कमी होतंय हे मला गेल्याच वर्षी कळलं होतं. उगाच का तुला इतकं रगडलं?'

राग आला. रडूही आलं. वारा मानेवर डावीकडून लागत होता, तो मला बरोबर कळला.

आणि पाण्यावर असूनही चहा करायला ती खाली गेली.