पाच वेळा ‘का?’

६ मे २००२, सोमवार. सकाळी साडेसहा

आजपासून कंपनी बंद. नवी लाईन बसवतायत, म्हणून शटडाऊन. जूनमध्ये बोलावतील. सवयीनं उठलो, दाढी केली, युनिफॉर्म घातला. मग काढला.

वेळ वाया घालवायचा नाही. प्राची पावणेचार वर्षांची झाली. कंपनीच्या गेल्या फॅमिली डेला पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई सांगून गेल्या होत्या, मुलांच्या मेंदूची बरीचशी वाढ पाच वर्षांच्या आत होते. बाकीचे लोक तेव्हा समोसे आले का बघत होते. मी एकटा ऐकत होतो. म्हणजे हातात उरलं सव्वा वर्ष, आणि पोरीच्या मेंदूवर आजपर्यंत कुणी कामच केलेलं नाही. गौतमी तिला जेवू घालते, आंघोळ घालते, वेणी घालते. पण ते सगळं बाहेरून.

मी क्यूसीत आहे, माल तपासायला. कंपनीनं आम्हाला व्हाय-व्हायचं ट्रेनिंग दिलंय. काहीही बिघडलं की पाच वेळा ‘का’ विचारायचं. पाचव्या ‘का’ला खरं कारण हातात येतं. जे पिस्टनला लागू, ते पोरीला का नाही?

शाळेत मी एकदा गुरुजींना विचारलं होतं, पृथ्वी फिरते तर आपण पडत का नाही. गुरुजींनी काठीनं पाडून दाखवलं. त्यानंतर दहावीपर्यंत मी प्रश्न विचारला नाही. माझ्या पोरीनं विचारले पाहिजेत. आणि मलाच विचारले पाहिजेत.

संकल्प: ओरडायचं नाही. टाइमटेबल करून कपाटावर चिकटवलं. ‘विचारशक्ती’ सकाळी, ‘स्मरणशक्ती’ दुपारी, ‘अंक’ रविवारी.

७ मे

विचारशक्ती सुरू. जुन्या कार्टनच्या पुठ्ठ्याची कार्डं केली, रंग दिले. लाल कार्ड दाखवलं, कोणता रंग? गप्प. हिरवं दाखवलं. गप्प. ती कार्डाकडं बघतच नव्हती, माझ्या मिशीकडं बघत होती.

मग पाणी भरायला आईबरोबर नळावर गेली आणि तिथं सगळ्या बायांसमोर म्हणाली म्हणे, ही हिरवी बादली आमची न्हाई, आमची निळी हाय, आन् तिचा कान तुटल्याला हाय. गौतमी हे मला कौतुकानं सांगत होती. मला राग आला. म्हणजे माहीत आहे आणि सांगत नाही. हा नॉलेजचा नाही, अ‍ॅटिट्यूडचा प्रॉब्लेम आहे.

८ मे

स्मरणशक्ती. तीन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली शेंगदाणा, वाट्या फिरवल्या. शेंगदाणा कुठंय? तिनं बरोबर वाटी उचलली आणि शेंगदाणा खाल्ला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला, खाल्ला. टेस्टिंगचं मटेरियलच संपवलं तर रीडिंग कसं घ्यायचं?

म्हणून शेवटच्या वेळी मी शेंगदाणा ठेवलाच नाही, मुठीत धरला. नुसत्या वाट्या फिरवल्या. तिनं वाट्यांना हातच लावला नाही. सरळ येऊन माझी मूठ उघडली. नियम असा नव्हता. दिलेल्या सूचना पाळत नाही, हा मोठा दोष. आत्ताच मोडून काढला पाहिजे.

१० मे

सकाळी दूध सांडलं. उत्तम संधी. शांतपणे समोर बसवलं आणि व्हाय-व्हाय घेतलं. आज पहिल्यांदा तिनं उत्तरं दिली, म्हणून जशीच्या तशी लिहून ठेवतो. दूध का सांडलं? कप पडला. कप का पडला? हात हालला. हात का हालला? मी दचकले. का दचकलीस? पप्पा वरडले. पप्पा का ओरडले? दूध सांडंल म्हनून.

पाच झाले. खरं कारण मी निघालो.

अ‍ॅनालिसिस पुन्हा करावं लागणार. मुळात ते ओरडणं नव्हतं, ती प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन होती. गौतमी पदर तोंडाला लावून आत गेली. घरात शिस्तीचं वातावरण नाही.

१२ मे, रविवार

आई आली गावाहून, निमोण्याहून, कुरडया करायला. माझ्या कामात खंड पडणार हे तेव्हाच ओळखलं. सकाळपासून प्राची आजीला चिकटलेली. दोघी गच्चीवर. चीक खाऊन पोरीचं तोंड पांढरं.

‘अंक’ तासाला बोलवायला वर गेलो तर ही ओल्या कुरडया वाटत होती. ही आज्जीची, ही आईची, ही माजी. परत, ही आज्जीची, ही आईची, ही माजी. एकेक बोट लावून, एकही न चुकता. मी म्हणालो, आणि पप्पांची? ती म्हणाली, पप्पा ड्युटीला गेल्यात.

मी समोर उभा होतो. माहिती अपडेट होत नाही पोरीची.

खाली आणून एक ते दहा म्हण म्हणालो. एक, दोन, आणि मग झोप आली म्हणाली. आई वरून म्हणाली, आरं खेळू दे की तिला, तू बी असाच शिकलास. मी म्हणालो, म्हणूनच. आईला टोमणा कळला नाही.

१३ मे

मोठी निराशा. मी आठवडाभर तिला सांगतोय, प्रश्न विचार, प्रश्न विचार. आज विचारला. आजीला.

कावळ्याला दात का न्हाईत? आई म्हणाली, लय गोळ्या खाल्ल्या त्यानं. प्राचीनं विचारलं, कुनाच्या? आई म्हणाली, चिमणीच्या. मंग चिमणीला दात का न्हाईत? आई म्हणाली, तिनं बी खाल्ल्या की, तिच्याच व्हत्या. दोघी हसायला लागल्या.

मी कपडे वाळत घालायचं सोडून तिथं गेलो आणि चोच, पक्ष्यांचा आहार, धान्य दळण्याची त्यांच्या पोटातली पिशवी, सगळं व्यवस्थित समजावलं. बोलता बोलता मागं बघितलं तर प्राची जिन्यावरून खाली गेली होती. आई होती. तिला मात्र पिशवीचं पटलं.

संकल्प: आईला ट्रेनिंग देणे.

१५ मे, बुधवार. दुपार

आमच्या लाईनवरचा हौशीराम आला, त्याच्या पिंट्याला घेऊन. पिंट्या प्राचीएवढाच. आल्या आल्या हात मागं बांधून मंडे ट्यूजडे वेन्सडे म्हणून दाखवलं. मी सहज विचारलं, बेटा, आज कोणता वार? पिंट्या म्हणाला, मंडे. जरा बरं वाटलं.

आता प्राचीला म्हणालो, तू कार्डं दाखव काकांना. ती कॉटखाली गेली. मागोमाग पिंट्या गेला. हौशीराम हसला. हे हसणं मी वर्षभर विसरणार नाही.

पुढं ऐकू आलं, चला निमोणे, निमोणे, करडे. कॉटखाली एसटी सुरू झाली होती. पिंट्या ड्रायव्हर, ताटली त्याचं स्टीअरिंग. प्राची कंडक्टर. पिंट्याला तिनं बजावलं, घंटी वाजल्याबगर गाडी हालवायची न्हाई. बाहुलीचं अर्धं तिकीट, उशीचं पूर्ण. उशी मोठी हाय म्हनून. हौशीराम खाली वाकून बघत राहिला, म्हणाला, पोरगी लईच भारी हाय राव तुमची. मला वाटलं टोमणा मारतोय. कारण तेवढ्यात दिसलं, तिकिटं माझ्या टाइमटेबलची होती. फाडून, सारखे तुकडे करून.

ओरडलो. पण पाहुणे असताना ओरडलेलं धरायचं नाही.

१८ मे

गुळाचा डबा वरच्या फळीवर असतो. आज तो उघडा सापडला. खाली पाट, पाटावर तेलाचा रिकामा डबा, डब्यावर माझी उशी. इतकी खटपट अभ्यासात केली असती तर.

विचारलं, गूळ कुणी खाल्ला? म्हणाली, मांजरानं. आमच्याकडं मांजर नाही. म्हणालो, कोणतं मांजर? म्हणाली, काळं. ते गेलं. गालाला गूळ.

आई आणि गौतमी दोघींनी कौतुकानं एकमेकींकडं बघितलं. गौतमी म्हणाली, डोकं चालतंय की तिचं, आनी काय पायजे तुम्हाला? मी म्हणालो, खोटं बोलायला डोकं लागत नाही. मी प्राचीला समोर बसवलं. खोटं का बोललीस? का? का? तिसऱ्या ‘का’ला ती रडायला लागली. पद्धत पूर्ण करायची म्हणून मी चौथा विचारला. मग आईनं तिला उचलून नेलं आणि मला जे बोलली ते इथं लिहीत नाही.

खरं कारण सापडलं नाही.

२१ मे

प्राची माझ्याशी बोलत नाही. म्हणजे भांडण नाही. मी खोलीत आलो की ओठ मिटतात. नळावर बोलते, गच्चीवर बोलते, बाहुलीशी अखंड बोलते. मी काही विचारलं की जमिनीकडं बघते आणि पायाचा अंगठा हलवते. कंपनी चालू होती तेव्हा दारात येऊन पिशवीत काय आणलं विचारायची, एवढं आठवतंय. तेव्हा मी दमलेला असायचो.

वाईट वाटतं. इथं लिहितो, बाहेर बोलणार नाही. गुरुजींनी मला गप्प केलं ते काठीनं. मी तर तिला बोटही लावलेलं नाही.

लाजाळू स्वभाव असेल. गौतमीच्या माहेरी आहे तो.

२६ मे, रविवार. बुद्धपौर्णिमा

सकाळी विहारात गेलो. प्राचीनं पांढरा फ्रॉक घातला होता. वंदनेच्या वेळी सगळ्यांबरोबर ओठ हलवत होती, मी बघितलं की थांबायची.

दुपारी खीर. मी ठरवलं, आज शेवटचा प्रयत्न, आणि तोही गोड. दोन सारख्या वाट्या खीर मोजली. एक वाटी तशीच ठेवली, दुसरी तिच्यासमोर उंच ग्लासात ओतली. कशात जास्त? तिनं ग्लासाकडं बोट केलं. मी ग्लासातली परत वाटीत ओतून दाखवली. सारखी आहे ना? मान हलवली. परत ग्लासात. आता कशात जास्त? ग्लास. पुन्हा ओतली. पुन्हा ग्लास. असं करता करता बरीचशी खीर चटईवर गेली आणि आता वाटीत खरोखरच जास्त झाली. म्हणालो, आता बघ. ती चटईकडं बघत होती. आई म्हणाली, आरं तिला ग्लास दी आन् मोकळा हो.

दिला. आणि तेव्हा ते झालं. ग्लास दोन्ही हातांत धरून, पांढऱ्या मिशा घेऊन, प्राचीनं सरळ माझ्याकडं बघून प्रश्न विचारला. स्वतःहून. पप्पा, तुमची कंपनी कवा चालू व्हनार?

माझे डोळे भरून आले. काळाची जाणीव, भविष्याचा विचार, वडिलांच्या नोकरीची काळजी, सगळं एका प्रश्नात. मी गौतमीला हाक मारली, आईला म्हणालो, बघितलंस? मग प्राचीकडं वळलो. मी म्हणालो, जूनमध्ये, बाळा. छान प्रश्न विचारलास. का विचारलास?

ती म्हणाली, मंग तुमी डबा घिऊन जाल, आन् आमाला खेळता यील.

गौतमी चटई पुसायला लागली. मीही एका बाजूनं धरली.

२७ मे, सोमवार. संध्याकाळी

सकाळी युनिफॉर्म घातला. गौतमीला म्हणालो, डबा दे. तिनं काही न विचारता दिला. प्राचीनं दारातून टाटा केला, बराच वेळ.

एसटी स्टँडवर जाऊन बसलो. ओळखीचा एकजण भेटला, कंपनी चालू झाली का म्हणाला. म्हणालो, थोडं पेंडिंग काम आहे. डबा बाकावरच खाल्ला. ऊन फार होतं. फर्स्ट शिफ्ट सुटायच्या वेळेला उठलो आणि घरी आलो.

प्राची पळत दारात आली. मी चपला काढायच्या आत सुरू झाली. आज आजीला गाडीत बशिवलं, आजीकडं सुट्टं नव्हतं, म्हनून तिला उभंच ठिवलं, मंग आजी रुसली, मंग मी तिला खिडकी दिली, मंग घाट आला, मंग उशीला उलटी झाली. मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. ती माझ्या गुडघ्याला धरून उभी होती आणि बोलत होती. इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी नुसता हं हं करत होतो. सुखानं अंग हलकं झालं होतं.

मंग आजी मधीच उतरली, ती म्हणाली. मी म्हणालो, का?

तोंडातून गेलं. एवढंच म्हणालो. ती थांबली, माझ्याकडं बघितलं, पायाचा अंगठा हलवला आणि आत गेली.

गौतमीला सांगितलंय, उद्या पण डबा दे. भाजी कुठलीही चालेल.